चंदा-नंदाचे डॉक्टर

डॉक्टरांकडे नोकरी मागायला गेले तेव्हा मी नर्सिंगचं सर्टिफिकेट पुढं केलं. त्यांनी ते वाचलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "तुमच्या आजोळी पहाटे कुणाला खोकला यायचा का?"

मी गोंधळले, पण आठवून सांगितलं की आजोबांना यायचा, थंडीच्या दिवसांत ते पाठीशी उशा रचून बसूनच झोपायचे. डॉक्टर एकदम खुलले. मग आजोबांचे भाऊ किती, कोपराच्या खाचेत कुणाला खाज येते, धान्य उपणताना कुणाला शिंका येतात, असं एकेक विचारत त्यांनी एका कोऱ्या कार्डावर गोल आणि चौकोन काढायला सुरुवात केली. बाई असेल तर गोल, पुरुष असेल तर चौकोन. ज्याला दमा त्याचं पोट पेन्सिलीनं काळं. अर्ध्या तासात माझं सगळं आजोळ त्या कार्डावर उतरलं. पगाराचं बोलायचं राहूनच गेलं. उद्यापासून या, एवढंच म्हणाले.

हे बीडमध्ये, नव्वदच्या आसपासची पाच-सात वर्षं. गावात एसटीडीचे पिवळे बूथ नुकतेच दिसायला लागले होते, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या. डॉक्टरांचा दवाखाना पेठेत, त्यांच्या थोरल्या भावाच्या दुकानामागं. घराणं व्यापारी, शिवाची भक्ती करणारं. थोरला भाऊ मिरची-हळदीचा ठोक व्यापार करायचा. लहान मुलांच्या दम्याचा दवाखाना आणि शेजारी मिरचीचं गोदाम! मिरचीची पोती उघडली की आमच्या बाकड्यावरची सगळी लेकरं एकदम खोकायची. दोघा भावांचं त्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं. शेवटी भावानं गोदाम मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हलवलं, ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून नाही, तर त्याच्या स्वतःच्या नातवाची छाती वाजायला लागली म्हणून. त्या दिवशी डॉक्टर आनंदानं घरी गेले आणि भावाचं कार्ड करून आले.

घरात त्यांनी उदबत्ती बंद केली होती. त्यांची आई बेल-फूल वाहायची, दिवा लावायची, पण धूप-उदबत्तीला हात लावला की वरच्या खोलीतून डॉक्टरांची हाक यायची. म्हातारी मला म्हणायची, "देवाला बी पथ्यावर ठेवलंय माझ्या पोरानं."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. इतरांच्या लग्नात मात्र एकदा फार घोळ घातला. पंगतीत नवरदेवाचा काका शेजारी बसला होता, त्याचा श्वास यांना ऐकू आला. मग जेवण सोडून उठले आणि नवरीकडच्या माणसांत जाऊन चौकशी करत बसले. शेवटी नवरीच्या बापाला बाजूला घेऊन म्हणाले, दमा दोन्हीकडून आहे, नातवंडांना जपावं लागेल. लग्न लागलं, पण गावातल्या पत्रिका यायच्या थांबल्या. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. मांडवात धूर लई असतो, म्हणाले.

लेकरू तपासायची त्यांची तऱ्हा निराळी होती. स्टेथोस्कोप गळ्यात असायचा, पण आधी ते आपला कान त्याच्या उघड्या पाठीला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. एक मिनिट, दोन मिनिटं. बाहेर पेठ चालू असायची, सायकलींच्या घंट्या, हमालांच्या हाका, पण त्या खोलीत सगळं लांब कुठंतरी गेल्यासारखं व्हायचं. रडणारी लेकरंही गप्प व्हायची. काही तर तशीच त्यांच्या डोक्याला टेकून झोपी जायची, आणि डॉक्टर ती उठू नयेत म्हणून वाकलेलेच राहायचे. मी दारात उभी असायचे. माझा स्वतःचा श्वास त्यांच्याबरोबर मंद झालेला मला कळायचा. मग ते हळूच सरळ होऊन सांगायचे, हिच्या छातीत लांबून बैलगाडी येतीय, वंगण नसलेली. किंवा, याच्यात कुणीतरी बासरी फुंकतंय, पण भोकं बुजलीत.

आईबापांना ते छताचा पंखा दाखवायचे. भिंतीवरचा रेग्युलेटर एकवरून पाचावर नेऊन म्हणायचे, पंखा तोच, वीज तीच, पण एकावर पान हलत नाही आणि पाचावर कागद उडतात. दम्याचं बी घरातून येतं. ते एकावर राहील का पाचावर जाईल, हे ठरवणारी कळ वेगळी असते. ती कुठं असते, कोण फिरवतं, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. त्यांचा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजातला वर्गमित्र पुण्यात एका प्रयोगशाळेत होता. तो परदेशी लेखांच्या झेरॉक्स पाठवायचा. त्यात लिहिलेलं असायचं की माणसाच्या पेशीतली काही जनुकं बोलतात, काही गप्प बसतात, आणि किती मोठ्यानं बोलायचं तेही कुणीतरी ठरवतं. डॉक्टर ते मला दुपारी, दवाखाना रिकामा असताना, मराठीत करून सांगायचे. अर्धं मला कळायचं नाही. पण ते सांगत असताना खिडकीतून उन्हाचा पट्टा आत यायचा, त्यात धूळ तरंगायची, आणि वाटायचं की आपल्या सगळ्यांच्या आत कुणीतरी असंच हळू आवाजात बोलत बसलंय.

चंदाला आणलं ते चैत्र संपत आला तेव्हा. नेकनूरकडच्या एका वस्तीवरचं कुटुंब. आईबाप दरवर्षी ऊस तोडायला पश्चिमेकडं जायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे. सहा वर्षांची पोर आईच्या खांद्यावर होती, पोट उडत होतं, गळ्याखाली दर श्वासाला खळगा पडत होता. बरोबर बाप आणि बापाची आई. फ्रॉक वर केला तर पोटावर तापल्या विळ्याच्या चार डागण्या, जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. धाप थांबावी म्हणून कारखान्याच्या तळावर कुणीतरी दिल्या होत्या. वाफेचं मशीन लावलं, इंजेक्शन दिलं. दोन तासांनी पोर झोपली.

मग डॉक्टरांनी कार्ड घेतलं. आईच्या वडलांना धाप. आईची आत्या तरुणपणीच गेली, तिलाही धाप. डॉक्टर भराभर काळं करत होते. बापाकडचं विचारलं तेव्हा सासू म्हणाली, "आमच्या घरात कुनालाबी न्हाई." चंदाला भावंडं किती, एक बहीण, ती बरी आहे का, बरी आहे. एक पांढरा गोल. डॉक्टरांनी कार्ड लांब धरून पाहिलं आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलून गेले, "आईकडूनच आलंय. स्पष्ट आहे."

आई पोरीच्या केसांतून हात फिरवत होती, तो थांबला. मला ते दिसलं. डॉक्टरांना नाही दिसलं, ते कार्डाकडं पाहत होते.

श्रावणात ती सासू परत आली, नातीला घेऊन. पोरीचा कान दुखत होता. मी पाहिलं तर पोर टुणटुणीत, गालावर रंग. मी म्हटलं, चंदा चांगली सुधारली की. डॉक्टरांनी नेहमीसारखा पाठीला कान लावला, मग पुन्हा लावला, मग तिला दवाखान्याच्या अंगणात चार फेऱ्या पळवून पुन्हा लावला. नंतर फ्रॉक वर केला. पोटावर एकही डागणी नव्हती.

"ही नंदा," आजी म्हणाली. "जुळ्यातली दुसरी."

डॉक्टर खुर्चीत बसले. कानाच्या पाळ्या, केसांतला भोवरा, तळव्याच्या रेघा, सगळं त्यांनी पाहिलं. चंदा त्यांना तोंडपाठ होती. ही तीच होती. विचारल्यावर कळलं की तीन वर्षांच्या होईपर्यंत दोघींत काही फरक नव्हता. मग आईबाप तोडीला जाताना एकीला बरोबर नेऊ लागले, कारण म्हाताऱ्या आजीला एकटीनं दोन लहान पोरी सांभाळणं होत नव्हतं. चंदा आईला सोडत नसे, म्हणून चंदा गेली. दर हंगामाला तीच गेली. उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत राहायचं, तिथंच चूल, सकाळी बाहेर पाचटाचीच शेकोटी.

"आणि चंदा आता कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

आजी अगदी सरळपणे म्हणाली, "आईसंगं माहेरी धाडली. तुमीच म्हनला न्हवं, आईकडचं हाय म्हनून. पोराला दुसरी बघायचं चाललंय."

नंदाच्या कानात थेंब घातले, आजी गेली. डॉक्टर दुपारचं जेवले नाहीत. संध्याकाळी पाटी उलटी करून मला म्हणाले, सिस्टर, उद्या दवाखाना बंद, तुम्ही बरोबर या, मला एकट्याला तिथं नीट बोलता येणार नाही.

सकाळच्या नेकनूरच्या गाडीत आम्ही बसलो. पावसाची भुरभुर होती. काचेवर पाणी, पलीकडं हिरवे डोंगर, सगळं पुसट. पुढच्या बाकावरच्या एकानं बिडी पेटवली तर डॉक्टर त्याला काही बोलले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. बऱ्याच वेळानं खिडकीकडंच बघत म्हणाले, "या हंगामात अदलाबदल केली, नंदाला पाठवलं आणि चंदाला ठेवलं, तर सगळं कळेल. कळ कोण फिरवतं ते पक्कं कळेल."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. भलत्याच कुणीतरी आपल्या तोंडून बोलावं तसा. पुढचा सगळा रस्ता ते मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात दाबून बसून राहिले.

गाडीतून उतरून कोसभर चालायचं होतं. वस्तीच्या चढाला आजी दिसली, डोक्यावर गवताचा भारा. आम्हाला बघून तिनं भारा टाकला आणि पाठ फिरवून पदर तोंडाला लावला. खोकला दाबला होता, पण श्वास दाबता येत नाही. मला ऐकू आला, म्हणजे डॉक्टरांना केव्हाच आला असणार. वंगण नसलेली बैलगाडी, तीच. इतकी वर्षं ती सगळ्यांपासून लपवत आली होती. डॉक्टरांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडं गेला, मला वाटलं आता कार्ड निघणार. तो तसाच रिकामा बाहेर आला.

लिंबाच्या पारावर चार माणसं जमली. मुलींचा बाप खाली मान घालून उभा राहिला. डॉक्टर बसले नाहीत.

"मी त्या दिवशी चुकलो," ते म्हणाले. "अर्धं बघून बोललो. या दोघी पोरी एका बीजाच्या आहेत. आईकडचं जे आलं ते दोघींत आलं, बापाकडचं आलं तेही दोघींत आलं. तरी एकीला धाप लागते आणि एकीला लागत नाही. मग ते आईच्या माथी कसं मारता?"

"मंग कशानं हाय?" बापानं विचारलं.

"बहुतेक कोपीतल्या धुरानं. पण मला पक्कं माहीत नाही."

पारावरचा एक म्हातारा म्हणाला, डाक्टर असून माहीत न्हाई म्हन्ता? डॉक्टर म्हणाले, नाही माहीत. बीडचा डॉक्टर चिखल तुडवत येऊन असं बोलतो, हेच पारावरच्यांना उमगत नव्हतं.

निघताना डॉक्टर आजीला घेऊन गोठ्यात गेले. काय बोलले ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. पण आजी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे खाली होते, आणि ती मुलाला एवढंच म्हणाली की बाजाराच्या दिवशी जा आन तिला घेऊन ये. दोन्ही पोरी यंदा माझ्यापाशी राहतील, म्या बघते.

पुढच्या आठवड्यात तो बायकोला आणि चंदाला घेऊन दवाखान्यात आला. ती बाई डॉक्टरांशी बोलली नाही. औषध कसं द्यायचं ते तिनं मला विचारलं, पंप कसा ओढायचा ते चंदानं शिकून घेतलं. त्या काळी पंप म्हटलं की लोक घाबरायचे, एकदा लागला की सुटत नाही म्हणायचे. आजीनं मात्र काही शंका काढली नाही. ती दर महिन्याला नातीचं औषध न्यायला यायची आणि आणखी एक पुडी कनवटीला लावून जायची. कार्डावर बापाकडची बाजू शेवटपर्यंत पांढरीच राहिली. एवढ्या हजार कार्डांत डॉक्टरांनी जाणूनबुजून चुकीचं ठेवलेलं ते एकच.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या माणसांना घेऊन ट्रॅक्टर गेले. दोघी पोरी मागं राहिल्या. त्या थंडीत चंदाला दोनदा धाप लागली, दोन्हीदा घरच्या घरी थांबली. आईला पाच महिने दोन्ही लेकींवाचून कोपीत राहावं लागलं, याचा हिशेब आमच्याकडं कुठंच नव्हता.

दरम्यान पुण्याच्या मित्रानं लिहिलं होतं की अशी जोडी मिळणं दुर्मीळ, दोघींचं रक्त पाठव. डॉक्टरांनी ते पत्र किती वेळा वाचलं असेल. पाडव्याला आईबाप परतल्यावर त्यांनी मधे कुणाला न घालता आईलाच विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यानं चंदा बरी होईल का? डॉक्टर म्हणाले, नाही. कधीतरी पुढं दुसऱ्या कुणाची लेकरं होतील, तेही नक्की नाही.

तिनं वर पंख्याकडं बघितलं. मग म्हणाली, "घ्या. पर त्यात आमच्या घरचं नाव न्हाई पायजे. आन काय निघलं ते आमच्या घरी येऊन सांगू नका."

रक्त डॉक्टरांनीच काढलं. नंदा रडली, चंदाला सुयांची सवय होती. थर्मासमध्ये बर्फ घालून ते पुण्याच्या गाडीत एका ओळखीच्या माणसाबरोबर दिलं. उत्तर यायला पावसाळा उजाडला. मित्रानं लिहिलं होतं, दोघींची जनुकं तपासली तेवढी हुबेहूब सारखी आहेत. एकाच गर्भाचे दोन भाग. फरक आहे तो त्यांच्या वापरात असणार, आणि तो बघण्याचं साधन सध्या आमच्याकडं नाही.

त्याच सुमारास एका दुपारी चंदाची आई औषध न्यायला एकटी आली. डॉक्टर दिलेला शब्द पाळत होते, म्हणजे तसा प्रयत्न करत होते. ड्रॉवर उघडत होते, मिटत होते. शेवटी तीच म्हणाली, "आलं व्हय उत्तर? सांगा, हितं कोन हाय."

"दोघींचं सारखंच निघालं," डॉक्टर म्हणाले. "अगदी एकसारखं."

"ते मला जलमल्या दिवसापून ठावं हाय," ती म्हणाली. "त्याच्यासाठी पुन्याला कशाला धाडलं?"

डॉक्टर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि तीही पदराआड हसली, आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा. मग त्यांनी तिला बाकड्यावर बसवलं आणि विचारलं की तुम्ही दोघींना बघितलंय, तुम्हाला काय वाटतं, फरक कशानं पडला? इतक्या आयांना त्यांनी बाप, चुलते, आत्या, मावश्या विचारल्या होत्या. काय वाटतं हे मात्र कुणालाच विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

ती सांगत गेली. अंधारात उठून तोडीला जायचं, तेव्हा पोर कोपीत एकटी झोपलेली. थंडी अशी की पाचटावर दव गोठायचं. पांघरायला एकच वाकळ. म्हणून जाण्याआधी ती चूल पेटवून, पोरीला उचलून चुलीच्या अंगाला निजवायची, ऊब लागावी म्हणून. रोज. तीन हंगाम. आणि ओली पाचट धुमसत राहायची.

बोलता बोलता ती थांबली. तिचं तिलाच ऐकू आलं होतं. बाहेर कुणाचं तरी लेकरू खोकत होतं.

"म्हंजे म्याच तिला..."

"थंडीनं मेली असती ती," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जगवली."

ती औषधाची पिशवी दोन्ही हातांत धरून बसून राहिली. बाकड्यावर सात-आठ पेशंट होते. डॉक्टर उठले, मला म्हणाले, जरा बघा यांच्याकडं, आणि तिच्याबरोबर चालत स्टँडवर गेले. तासाभरानं परत आले तेव्हा चपला चिखलानं माखल्या होत्या. गाडीत जागा मिळाली का, मी विचारलं.

"मिळाली. खिडकीजवळची," म्हणाले, आणि हात धुवायला मागं गेले.